बॅटरीची व्हीलचेअर दीड लाखाला घ्यावी का?

प्रश्न (कोथरूड, पुणे): वय ३४. मणक्याच्या दुखापतीमुळे पायांत ताकद नाही, हात भक्कम आहेत. पगार ४८,००० रुपये, घरखर्च ३५,०००, बँकेत शिल्लक २,१०,०००. सध्याची स्टीलची घडीची खुर्ची ढकलायला भाऊ लागतो, त्यामुळे बाहेर पडणंच बंद झालंय. १,४५,००० ची बॅटरीवाली घेऊ का? हप्त्यांवरही मिळतेय.

उत्तर: आत्ता घेऊ नका. शिल्लक ६५,००० वर येईल, म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च निघणार नाही. हप्ते घेतलेत तर महिन्याची बचत त्यातच जाईल.

शिवाय भाऊ लागतो तो सध्याच्या खुर्चीच्या बांधणीमुळे. दवाखान्यातल्या पद्धतीच्या खुर्चीत मागच्या चाकांचा आस (चाकं ज्यावर फिरतात तो दांडा) पाठीच्या रेषेत किंवा त्याही मागे असतो. भार पुढच्या छोट्या चाकांवर येतो आणि ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुततात. मापाच्या, न घडीच्या हलक्या खुर्चीत आस थोडा पुढे असतो. पुढची चाकं उचलून छोटा उंचवटा एकट्याने पार होतो. सुरुवातीला मात्र मागे उलटू नये म्हणून आधाराची चाकं लावूनच घ्या. बैठक कंबरेच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच जास्त हवी. जास्त रुंद घेतली तर हात फाकवून ढकलावं लागतं आणि खांदे दुखावतात. अशा खुर्चीची मागची चाकं बटण दाबून निघतात, त्यामुळे ती रिक्षातही जाते. बॅटरीवाली पन्नास किलोच्या आसपास भरते. वाटेत बंद पडली तर उचलायला दोघं लागतात आणि लेड-अॅसिड बॅटरी साधारण दीड-दोन वर्षांत बदलावी लागते. हातात ताकद नसती किंवा खांदे आधीच दुखत असते, तर मी हीच घ्या म्हटलं असतं.

हिशेब असा धरा: खुर्ची ४५,०००, चांगली गादी १२,०००, इमारतीच्या पायरीला उतार ८,०००. एकूण ६५,०००. हातात १,४५,००० राहतात, म्हणजे चार महिन्यांची सोय. गादीत काटकसर नको. बसून जखम झाली तर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर जातात, पगारही बुडू शकतो. उतार एकास बारा ठेवा: १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबी.

पगारातून दरमहा उरणाऱ्या १३,००० पैकी १,००० टायर-बेअरिंगसाठी वेगळे ठेवा. १२,००० प्रमाणे पाच महिन्यांत ६०,००० जमले की त्या बजेटमध्ये पुढे जोडायचं मोटरचं चाक बघा. ते छोटी चाकं जमिनीवरून उचलतं, त्यामुळे खड्ड्यांतूनही जाता येतं.

करसवलतीसाठी घाई करू नका. अपंग करदात्याची वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०यू) अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळते, खरेदीवर नाही, आणि तीही जुन्या करप्रणालीत. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत तसाही कर शून्य आहे.

पैसे भरण्याआधी खुर्ची दिवसभर वापरून बघायला मागा. लिफ्टचं दार मोजा, वनाझ मेट्रो स्थानकापर्यंत स्वतः ढकलत जा, लिफ्टने फलाटावर चढा आणि येताना रिक्षाने या. फूटपाथवर कुठे अडलं ते लिहून ठेवा. पुढच्या चाकांचा आकार त्यावरूनच ठरवा.