परदेशात फॅशन शिकायचंय, रान विकावं का?

"मॅडम, रस्त्याकडचं दोन एकर इकून टाकतो. पण लेकराचं भलं होईल का, तेवढं सांगा."

सेलूहून पहाटेच्या गाडीनं आलेले वडील खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळे झाले. शेजारी मुलगी मान खाली घालून बसलेली. तिला इथे वैष्णवी म्हणते. नाव बदललंय आणि तिच्या घरच्यांना विचारूनच हे लिहितेय, कारण परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मी सल्ला देते, आणि निकाल लागले की दरवर्षी हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. परभणीहून, अंबडहून, उदगीरहून.

वैष्णवीनं संभाजीनगरातून फॅशन डिझाइनची पदवी घेतली होती. एका कन्सल्टन्सीनं तीन दिवसांत लंडनमधल्या एका खासगी कॉलेजचं ऑफर लेटर आणून दिलं होतं. पंधरा दिवसांत डिपॉझिट भरा, नाहीतर जागा जाईल, असा निरोप. एक वर्षाचा कोर्स, राहणं-खाणं धरून 42 लाख. घरची शेती पाच एकर, कापूस आणि सोयाबीन. आई गावात ब्लाउज शिवते.

आधी मी वडिलांशी बोलले, हिशेबाचं. रान विकायचं नाही म्हटलं तर कर्ज. 40 लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता जवळपास 54 हजार येतो. हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हा आकडा मी कागदावर लिहून त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आन् नोकरी लागली नाही मंग?"

हा प्रश्न कन्सल्टन्सीत कुणी त्यांना विचारू दिला नव्हता. पुष्कळ खासगी कॉलेजं एजंटला प्रवेशामागे कमिशन देतात, हे पालकांना माहीतच नसतं. मला याचा मनापासून राग येतो.

आज विचारणाऱ्यांसाठी सांगते. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर नोकरी शोधायला दोन वर्षं राहता येतं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. त्यापुढे राहायचं तर कंपनीनं व्हिसा काढून द्यायला हवा आणि त्यासाठी पगाराची अट जुलै 2025 पासून साधारण 41,700 पौंडांवर गेली आहे. नव्या पदवीधरांना त्यात सवलत आहे, तरी फॅशनमध्ये सुरुवातीच्या जागेवर एवढा पगार सहज मिळत नाही. इटलीत पदवीनंतर नोकरी शोधायला जास्तीत जास्त एक वर्ष. अमेरिकेतही एकच वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी जादा दोन वर्षं फॅशन डिझाइनला सहसा मिळत नाहीत. म्हणजे विमानातून उतरल्या दिवसापासून घड्याळ चालू. अशा वेळी ज्याच्या हातात ठरलेलं एखादं काम पक्कं आहे, तोच टिकतो.

म्हणून मी वैष्णवीला विचारलं, "तुला नेमकं काय करायचंय?"

"डिझायनर व्हायचंय. राहुल मिश्राही मिलानलाच शिकले ना?"

शिकले, खरंय. पण मिलानच्या मरांगोनी या फॅशन कॉलेजात जाण्याआधी ते अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकले होते आणि तिकडे गेले ते शिष्यवृत्तीवर. लोकरीच्या कपड्यांसाठीचं 2014 चं आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक त्यांना मिळालं, 2020 साली पॅरिसच्या कुटूर वीकच्या, म्हणजे हातानं बनवलेल्या उंची कपड्यांच्या सप्ताहाच्या, अधिकृत कार्यक्रमात कपडे मांडणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. त्या नावामागची आधीची वर्षं मुलं मोजत नाहीत.

तिचा पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांची फाइल, पाहिला. बावीस पानं, बावीस उंच बायका, सगळ्यांचे पाय नाकापेक्षा नाजूक. चित्रं वाईट नव्हती. पण कुठलाच कपडा कापायचा कसा, हे एकाही पानावर नव्हतं. परदेशातली चांगली कॉलेजं नेमकं तेच बघतात: विचार कुठून सुरू झाला, कच्च्या कापडावर काय चुकलं, ते कसं सुधारलं.

मग माझं लक्ष तिच्या अंगातल्या कुर्त्याकडे गेलं. बाही खांद्याला अशी बसली होती की एक चुणी नाही.

"हा कुणी कापला?"

"मीच." आणि पहिल्यांदा तिनं मान वर केली. "आईच्या गिऱ्हाइकांत एक काकू आहेत, त्यांचा उजवा खांदा उतरलेला. सगळे टेलर दोन्ही बाजू सारख्याच कापतात, मग ब्लाउज एका बाजूनं ओघळतो. मी उजव्या खांद्याचा उतार अर्धा इंच वाढवला आणि तेवढाच मुंढा खाली घेतला. आता त्या दुसरीकडे शिवतच नाहीत."

पेन घेऊन तिनं ते काढूनही दाखवलं. लंडनच्या ऑफर लेटरच्या पाठीमागे. वडील वाकून बघत होते. पोरीला हे येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढच्या भेटीला ती पिशवीभर वर्तमानपत्रं घेऊन आली. चार वर्षांत कापलेले पॅटर्न, म्हणजे कपडा बेतायचे कागदी साचे, सुतळीनं बांधलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण: "शाळेतल्या बाई, पाठ रुंद", "आत्या, सहावा महिना". तो खरा पोर्टफोलिओ होता.

तिचं ऐकून मी जे सांगितलं ते असं: तुला पॅटर्न मेकिंग आवडतं. फॅशनच्या धंद्यात डिझायनरच्या एका जागेसाठी रांग असते, पण कपडा कापणारे, मापं वाढवणारे, फिटिंग तपासणारे लोक प्रत्येक कारखान्याला लागतात. आधी दोन वर्षं इथेच एखाद्या एक्स्पोर्ट युनिटमध्ये काम कर. संगणकावर पॅटर्न आणि ग्रेडिंग (एका मापावरून बाकीची मापं काढणं) शीक, टेक पॅक, म्हणजे कपडा कसा बनवायचा याचा कारखान्यासाठीचा तपशीलवार कागद, वाचायला शीक. मग अर्ज कर, आणि सरकारी विद्यापीठाला आधी कर. इटलीत सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना घरच्या उत्पन्नावर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळू शकते, परदेशी मुलांनाही. मिलानच्या पॉलिटेक्निको या सरकारी विद्यापीठात फॅशनचं मास्टर्स इंग्रजीतून शिकवतात. त्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाबरोबर मालमत्तेचीही कागदपत्रं भाषांतर करून द्यावी लागतात. तहसीलच्या दाखल्याला आणि सातबाऱ्याला वेळ लागतो, म्हणून ते सहा महिने आधी हातात घे.

वैष्णवी रडली. मैत्रीण त्याच सप्टेंबरात चालली होती, आणि आपण मागे राहिलो ही भावना बाविसाव्या वर्षी फार बोचते. तिला मी समजावत बसले नाही. पाणी दिलं, रडू दिलं. डिपॉझिटची तारीख निघून गेली. नात्यातले म्हणाले, त्यापेक्षा लग्न लावून द्या. वडिलांनी तो विषय घरात निघू दिला नाही, याचं श्रेय त्यांचं.

आज ती बंगळुरूच्या एका युनिटमध्ये पॅटर्न विभागात आहे. पहिले चार महिने नुसती मापं तपासत होती आणि फोनवर वैतागायची. आता युरोपला जाणाऱ्या मालाचे नमुने कापते. यंदा अर्ज भरलाय, उत्तर यायचंय. दोन एकरात या खरिपातही कापूसच आहे.

गेल्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. लेकीनं सुट्टीत एक तयार पॅटर्न आणून दाखवला होता.

"मॅडम, तिकडल्या कपड्याला शिलाईला माया किती सोडतात म्हणे, एक सेंटीमीटर! मी नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाजूनं दीड-दीड इंच सोडते, लेकरंबाळं झाल्यावर उसवून सैल करता यावा म्हणून. एक सेंटीमीटरात बायांचं कसं भागत आसंल?"

मी म्हटलं, हे वैष्णवीला लिहून पाठवा. तिच्या अर्जात घालायला सांगते.