पहिले प्रवासी विमान निवडताना: भाचीस पत्र

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये उडवायच्या चार विमानांची यादी, प्रत्येकापुढे डॉलरमधली किंमत आणि शेवटी ‘मामा, यातले सर्वांत खरे कोणते?’ हा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला दोनच गोष्टी पाहायच्या आहेत: तुझ्या टेबलावर काय आहे आणि तुला सलग किती वेळ बसता येते. पहिले ॲड-ऑन (सिम्युलेटरमध्ये वेगळे घालायचे विमान) याच दोन गोष्टींवरून ठरवावे, असे माझे मत अनेक वर्षांच्या (आणि काही फुकट गेलेल्या पैशांच्या) अनुभवातून बनले आहे. किंमत आणि चित्रफितींतली वाहवा नंतर बघू.

तूच लिहिल्याप्रमाणे तुझ्याकडे एक साधी जॉयस्टिक आहे, ती पिळली की रडर (शेपटीवरचे दिशा वळवणारे पाते) चालते आणि तिच्या बुडाशी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करण्याची, छोटी पट्टी आहे. वेळ म्हणशील तर रात्रीच्या जेवणानंतरचे दीड-दोन तास. एवढ्या माहितीवर मी तुला निःशंकपणे एअरबस ए३२० सुचवतो, आणि त्याची कारणे जरा सविस्तर सांगतो, कारण ती जाहिरातींत सापडत नाहीत.

ए३२०ने पहिले उड्डाण १९८७ साली केले. वैमानिकाच्या हाताची हालचाल संगणकामार्फत विजेच्या संदेशाने पंखांपर्यंत पोचवणारी डिजिटल यंत्रणा असलेले ते पहिले प्रवासी विमान. त्यात वैमानिकाच्या पुढ्यात सुकाणू नसतो, बाजूला एक लहान दांडी असते, आणि ती सोडली की विमान त्याच स्थितीत राहते, कारण ट्रिम, म्हणजे हाताने जोर न लावता विमान त्या स्थितीत टिकवणारी जुळवणी, विमान स्वतःच करते. म्हणजे तुझी दोन-अडीच हजारांची जॉयस्टिक योगायोगाने खऱ्या दांडीच्या बरीच जवळ जाते. थ्रॉटलची गोष्ट तर त्याहून सोयीची आहे. उड्डाणानंतर ए३२०चे थ्रस्ट लिव्हर (इंजिनाच्या शक्तीचे दांडे) ‘क्लाइम्ब’च्या खाचेत आणून ठेवतात आणि धावपट्टीवर टेकण्याच्या क्षणापर्यंत ते सहसा तिथेच राहतात. ऑटोथ्रस्ट इंजिनाची शक्ती कमी-जास्त करत असताना लिव्हर जागचे हलत नाहीत. तुझी प्लॅस्टिकची पट्टीही हलत नाही, त्यामुळे टेबल आणि विमान यांचे एकमत राहते. (टेकण्यापूर्वी वीस फुटांवर विमान ‘रिटार्ड’ असे बजावते, ते लिव्हर मागे घेण्यासाठी असते. पहिल्यांदा ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस.)

बोइंग ७३७मध्ये शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा, ऑटोथ्रॉटल, लिव्हर प्रत्यक्ष हलवते. घरी मात्र पडद्यावरचे लिव्हर मागे-पुढे सरकत असतात आणि तुझी पट्टी उड्डाणाच्या वेळी जिथे ठेवलीस तिथेच, म्हणजे जवळजवळ पूर्ण पुढे, पडलेली असते. पाचशे फुटांवर तू ऑटोथ्रॉटल काढून विमान हातात घेतेस आणि सिम्युलेटरला अचानक तुझी पट्टी दिसते. पुढे काय होते ते मी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर अनुभवले आहे: विमान उतरायचे सोडून पुन्हा वर निघाले. चांगल्या ॲड-ऑनमध्ये यावर उपाय असतात, पण ते माहीत असावे लागतात. ट्रिमचेही तसेच. खऱ्या ७३७मध्ये हाताला लागणारा जोर ट्रिम केल्यावर नाहीसा होतो. तुझ्या जॉयस्टिकच्या स्प्रिंगला विमानाचे काहीच कळत नसल्यामुळे हात हळूहळू सैल सोडत ट्रिम करण्याची एक वेगळीच सवय लावून घ्यावी लागते.

याचा अर्थ ७३७ कमी प्रतीचे आहे असा घेऊ नकोस. मला स्वतःला तेच अधिक प्रिय आहे. १९६७ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानात पुष्कळशी कामे अजून माणसाकडेच आहेत. इंजिन सुरू करण्याचेच उदाहरण घे. ७३७-८००मध्ये तू पॅक (केबिनला हवा पुरवणारी यंत्रणा) बंद करतेस, स्टार्ट स्विच ‘ग्राउंड’वर नेतेस, एन२ (इंजिनाच्या आतल्या भागाच्या फिरण्याचा वेग) चढताना पाहतेस, आणि तो २५ टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर स्टार्ट लिव्हर स्वतः उचलून इंधन देतेस, मग इंजिनाचे तापमान कुठवर जाते यावर डोळा ठेवतेस. ए३२०मध्ये निवडकळ ‘इग्निशन/स्टार्ट’वर आणि मास्टर स्विच चालू, एवढेच तुझे काम. बाकीचे सगळे फॅडेक नावाचा इंजिनाचा संगणक पाहतो. यंत्र समजून घेण्याची हौस असणाऱ्याला पहिली पद्धत भुरळ घालतेच. तुझ्याकडे योक (वैमानिकापुढचा सुकाणू) आणि वेगळा थ्रॉटल असता, तर कदाचित मी उलट सल्ला दिला असता.

यादीतले बोइंग ७७७, लांब पल्ल्याचे मोठे विमान, मात्र आत्ता खोडून टाक. मोठे विमान घेण्याचा मोह मलाही झाला होता. त्या काळी बचत संपवून मी एक रुंद धडाचे विमान विकत घेतले आणि हौसेने मुंबईहून लंडनला निघालो. नऊ तासांपेक्षा जास्त प्रवास. अर्थातच मध्ये झोप लागली, आणि जाग आली तेव्हा विमान उतरण सुरू करण्याची जागा मागे टाकून छत्तीस हजार फुटांवरून शांतपणे पुढे चालले होते. खरा तोटा त्या एका रात्रीचा नव्हता. लांब पल्ल्याच्या विमानात महिन्याकाठी चार उड्डाणे आणि चार अवतरणे होतात, आणि शिकायचे असते ते नेमके त्याच वेळी. चौथे विमान, एमडी-८२, सुंदर आहे, पण तेही दुसरे किंवा तिसरे म्हणून घ्यावे.

आता पैशांचे. तू मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर वापरतेस, म्हणून आधी फ्लायबायवायर या स्वयंसेवी गटाचे ए३२०निओ घे. ते पूर्णपणे मोफत आहे आणि त्याच्या अंतर्गत यंत्रणा नवशिक्याला वर्षभर पुरून उरतील इतक्या तपशिलाने बनवलेल्या आहेत. त्यातल्या टॅब्लेटवर सिमब्रीफ या संकेतस्थळावर तयार केलेला मोफत उड्डाण-आराखडा थेट उतरवून घेता येतो. (तुझा तो मित्र एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरतो म्हणालीस, त्याला झिबोचे ७३७ सांग. तेही मोफतच आहे आणि अनेक विकतच्या विमानांना लाजवणारे आहे.) मोफत विमानात तुझे हात बसले आणि तरीही काहीतरी कमी आहे असे तुला स्वतःला नेमकेपणाने सांगता आले, की मग फेनिक्स या कंपनीच्या विकतच्या ए३२०साठी पैसे खर्च कर. बिघडलेल्या यंत्रणा आणि सर्किट ब्रेकरपर्यंतची खोली त्यात आहे. फक्त एक लक्षात ठेव की त्याच्या यंत्रणा सिम्युलेटरच्या सोबत चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असतात, आणि तुझ्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवर त्याचा भार जाणवेल.

काहीही विकत घेताना ते २०२०च्या आवृत्तीसाठी आहे की २०२४च्या, आणि एकासाठी घेतलेले दुसऱ्यावर चालते का, हे पैसे भरण्याआधी वाचून घे. एका विक्रेत्याकडून मी ऐन सवलतीच्या दिवसांत विमान घेतले आणि नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे मागितले गेले तेव्हा कळले की ती अट पानाच्या तळाशी लिहिलेली होती. चूक माझ्या वाचण्याची होती, पण राग अजून आहे. दर २८ दिवसांनी बदलणाऱ्या दिशादर्शन-माहितीची वर्गणीही इतक्यात नको. भारतातल्या विमानतळांचे नकाशे विमानपत्तन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मोफत पाहायला मिळतात, तेवढे पुरेत.

विमान आले की मार्ग मात्र एकच धर: मुंबई ते नागपूर. अंतर सुमारे ३७० सागरी मैल. तयारीसकट तुझ्या दोन तासांत बसते, आणि हे अंतर ए३२० रोज कापते, त्यामुळे आपण काही काल्पनिक करत आहोत असेही वाटत नाही. दहा वेळा तोच मार्ग उड. पहिल्या दोन-तीन खेपांना कागद-पेन्सिल जवळ ठेव आणि उतरण स्वतः मोज: ३५ हजार फुटांवर आहेस, नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट उंच आहे, म्हणजे ३४ हजार उतरायचे. दर हजार फुटांना तीन मैल धरले की चौतीस त्रिक एकशे दोन, आणि वेग कमी करायला दहा मैल. धावपट्टीपासून सुमारे ११२ मैलांवर खाली निघायला हवे. मग विमानाच्या संगणकाने पडद्यावर दाखवलेला उतरणीचा बाण आणि तुझा आकडा ताडून पाहा. फरक पडला तर वारा किंवा आराखड्यातले एखादे उंचीचे बंधन त्याला कारण असते, आणि ते कारण शोधताना तू जे शिकशील ते कोणत्याही चित्रफितीत नाही.

एक चूक तुझ्याकडून नक्की होणार, म्हणून आधीच लिहितो. आखलेला मार्ग सोडून हेडिंगवर (स्वतः दिशा देत) वळत धावपट्टीकडे आलीस, तर ‘अप्रोच फेज’, म्हणजे उतरण्याआधीचा वेग कमी करण्याचा टप्पा, संगणकात हाताने सुरू करावा लागतो. तो विसरलीस की वेग संगणकाच्या ताब्यात असूनही विमान २५० नॉट्सला चिकटून राहते आणि फ्लॅप (कमी वेगात विमान उचलून धरणारे पंखांचे भाग) काही केल्या बाहेर काढता येत नाहीत. असे झाले तर घाबरून बटणे दाबत बसू नकोस. वर जा, गोल फिरून पुन्हा ये.

दहा उड्डाणांची वही ठेव: निघालेले इंधन, उरलेले इंधन, धावपट्टीवर कुठे टेकलीस. दिवाळीत येशील तेव्हा ती वही आणि तुझी जॉयस्टिक दोन्ही घेऊन ये. माझ्या संगणकावरचे ७३७ तुझ्या जॉयस्टिकवर उडवून बघू, म्हणजे ट्रिमबद्दल मी काय लिहिले ते तुझ्या मनगटालाच कळेल.

तुझा,
मामा