शाळेत जाताना रोज रडणाऱ्या मुलीला चित्रपुस्तकांचा खरंच उपयोग होतो का?

तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, गणवेश घालताना रोज पोट दुखतं म्हणून रडते, आणि कुणीतरी तुम्हाला चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायला सांगितलंय. त्याने फरक पडतो का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मुलाच्या बाबतीत पडला, पण मी धरून चालले होते तसा नाही.

आम्ही साताऱ्याहून पुण्याला आलो तेव्हा तोही पाचच वर्षांचा होता. नवी शाळा, आणि सकाळ झाली की हीच पोटदुखी. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. (तुम्हीही आधी एवढं करून घ्या.) मग मी शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट असलेलं एक चित्रपुस्तक आणलं. दर पानाला माझं चालू, "बघ, ती कशी शहाण्यासारखी जाते!" तो पुस्तक मिटून टाकायचा. तिसऱ्या रात्री मी इतकी दमले होते की नुसतं वाचलं आणि गप्प बसले. एका पानावर लांबलचक व्हरांडा होता आणि त्यात ती मुलगी एकटी उभी. त्याने तिच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिला शू आली तर?"

शाळेतल्या बाथरूमची कडी त्याला उघडत नव्हती. एकदा तो आत अडकला होता आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या ताईंना भेटले. दार नुसतं लोटून घ्यायचं आणि मावशी बाहेर उभ्या राहतील, असं ठरलं. रडणं एकदम थांबलं नाही, दोनेक आठवड्यांत कमी होत गेलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पुस्तक वाचताना आपल्या मुलीबद्दल काही विचारू नका, पुस्तकातल्या मुलीबद्दल विचारा. "तुलाही असंच वाटतं ना?" म्हटलं की मूल आक्रसतं. "हिला काय झालं असेल?" एवढं विचारायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार जड जातं, आपल्याला लगेच समजूत घालायची असते. ती एकाच पानावर रेंगाळली तर रेंगाळू द्या, तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचा. आणि ऐन रडण्याच्या वेळी पुस्तक काढू नका, तेव्हा फक्त जवळ घ्या. वाचायचं ते रात्री, पोट भरलेलं आणि घर शांत असताना.

शब्दांचंही सांगते. आमच्या घरात 'राग' आणि 'रडू' हे दोनच शब्द होते. चित्रांतले चेहरे बघत बघत धास्ती, हुरहुर, बावरणं, हिरमुसणं, खट्टू होणं असे शब्द आले. मग एके दिवशी तो म्हणाला, "आज पोटात गोळा आलाय, पण दुखत नाहीये." मला तेव्हा भरून आलं. 2007 साली अमेरिकेतल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने मोठ्या माणसांवर एक प्रयोग केला होता. चित्रातल्या चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगितली, की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते, असं त्यात दिसलं. हा भाग भीतीशी जोडलेला आहे.

पुस्तकं निवडताना शेवटी उपदेश करणारी टाळा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं जरूर बघा, त्यांतली मुलं खरीखुरी रुसतात, कंटाळतात. पैसे खर्च करायचे नसतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. पण मोबाइलवर दाखवण्यापेक्षा कागदावरचं बरं, मांडीवर बसून पान उलटता येतं.

एक घरचं पुस्तकही करा. चार कागद दुमडून शिवायचे आणि त्यात तिचीच शाळा काढायची: फाटक, चपलांचा कप्पा, ताई, डबा, शेवटी घ्यायला आलेली आई. चित्र वेडंवाकडं चालतं. एक पान कोरं ठेवून तिच्या हातात खडू द्या. आमच्याकडे त्या पानावर कडी आली होती.

हे सगळं करूनही महिनाभरात उतार पडला नाही, झोप किंवा जेवण बिघडलं, तर बालसमुपदेशकांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं.