पीएचपी बदललं अन् कापसाची पट्टी चुकली

प्रश्न: दादा, आमच्या शेतकरी गटाचं कापूस खरेदीचं छोटं सॉफ्टवेअर हाये, २०१४ मधी गावातल्याच एका पोरानं पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बनवून देलं, तो आता पुण्याले नोकरीवर हाये. मागच्या महिन्यात होस्टिंगवाल्यानं (ज्याच्या सर्व्हरवर आमचं सॉफ्टवेअर चालते) पीएचपीची ५.६ आवृत्ती काढून थेट ८ टाकली अन् दुसऱ्या दिवशी नुसता पांढरा स्क्रीन. त्या पोरानं फोनवर सांगून सांगून डेटाबेसशी जोडणारा जुना कोड बदलून नवीन मायएसक्यूएलआय करून घेतलं तं सुरू झालं, पण शेतकऱ्यायची नावं कचऱ्यावानी दिसतात. अन् काल एक काका पट्टी (खरेदीची पावती) घेऊन वापस आले, म्हणे माह्या ८ क्विंटलात ८ किलो कमी कसे? कापूस कोरडा होता त्यायचा. वेचणी सुरू झाली, दिवाळी झाली का गाड्यायची रांग लागते. काय करू? कोडाची प्रिंट सोबत पाठवली.
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, आधी काकाच्या ८ किलोचं पाहू, नावाचं नंतर. पांढरा स्क्रीन आला तं माणूस लगेच फोन करते, पण पट्टी छापून निघाली अन् आकडाच चुकला तं कोणाले समजत नाही. काकानं पाहिलं म्हणून सापडलं.

तुमच्या प्रिंटमधी एक ओळ आहे: जास्तीचा ओलावा == 0 असला तर पूर्ण वजन धरा, नाहीतर क्विंटलमागे १ किलो कापा. (== म्हणजे दोन गोष्टी सारख्या आहेत का ते पाहणारी खूण.) ८ टक्क्यांच्या आत ओलावा असला की तुमच्याकडे तो रकाना रिकामाच सोडतात (सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, पण ८ च्या वर १२ पर्यंतच कपात लावते, पोरानं तोच हिशोब धरला असंल). आता फॉर्मचा रिकामा रकाना कोडात येतो तो रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर म्हणून, शून्य म्हणून नाही. पीएचपी ७ पर्यंत रिकामी स्ट्रिंग अन् 0 यांना == नं जोखलं की "सारखे" असं उत्तर यायचं, ८ मधी (नोव्हेंबर २०२०) हा नियमच बदलला, आता उत्तर येते "सारखे नाहीत". म्हणजे कोरड्या कापसाचा माणूस सरळ "नाहीतर" वाल्या फांदीत गेला अन् त्याचे किलो कापले गेले. कोडात एक अक्षर बदललं नाही, एरर आली नाही, काही नाही.

उपाय सोपा आहे, रकाना वाचतो तिथंच फ्लोटव्हॅल (मजकुराचा आकडा करणारं पीएचपीचं फंक्शन) लावून त्याचा आकडा करून घ्या. पण एवढ्या एका ओळीवर थांबू नका, सगळ्या फायलींत == 0 शोधा, अन् स्विच अन् इन_अ‍ॅरे पण पाहा, पीएचपीची ही दोन्ही साधनं आतून तसंच ढिलं, म्हणजे मजकूर का आकडा हे न पाहता जोखतात. अन् अपग्रेडच्या तारखेपासून ओलावा रिकामा असलेल्या जेवढ्या पट्ट्या निघाल्या त्या सगळ्या काढून प्रत्येकाचा फरक आजच द्या. बाकी लोकांनी काकासारखं पाहिलं नसंल, पण त्यांचा माल तेवढाच गेला ना.

आता नावं. पांढऱ्या स्क्रीनचं कारण तं तुम्हाले माहीत झालंच, डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएलवाली फंक्शनं पीएचपी ७ नं २०१५ मधीच काढून टाकली. पण कनेक्शन बदललं तेव्हा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटमधी कशी लिहायची तो नियम, पण बदलला असावा. यूटीएफ-८ या नियमात देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेते. जुनं कनेक्शन लॅटिन१ होतं (इंग्रजीसारख्या लिपीचा जुना नियम, एका बाइटचं एक अक्षर), त्यानं ते ३ बाइट म्हणजे ३ वेगळी अक्षरं समजून साठवली अन् वाचताना तशीच परत दिली म्हणून इतके वर्ष कोणाले दिसलं नाही. नवीन कनेक्शन ती ३ अक्षरं खरीच मानते, म्हणून "क" च्या जागी ३ विचित्र चिन्हं. डेटा बहुतेक शाबूत आहे, घाबरू नका. पण नवीन नावं भरणं आत्ताच थांबवा! नाहीतर एकाच टेबलात अर्धी नावं जुन्या पद्धतीची अन् अर्धी नव्या पद्धतीची होतील, मग वेगळी करता करता जीव जाते. तोवर वहीत लिहा. आधी डेटाबेसचा पूर्ण डंप (सगळ्या डेटाची कॉपी) घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, कनेक्शन तात्पुरतं लॅटिन१ करून नावं नीट दिसतात का पाहा. दिसली तं रूपांतर करून कायमचं यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करता येते, पण ते कॉपीवर अन् एकदाच. मी एका डेअरीच्या डेटावर घाईत तेच दोनदा चालवलं होतं, बॅकअप नव्हता, सगळी नावं रजिस्टर पाहून हातानं लिहावी लागली.

जुनं ५.६ वापस मागू का, असा विचार मनात आला असंल तं नका मागू, त्याचे सिक्युरिटी अपडेट २०१८ च्या शेवटीच बंद झाले अन् तुमच्या सॉफ्टवेअरात लोकांचे बँक खाते नंबर आहेत. त्यापेक्षा लॅपटॉपवर झॅम्प (लॅपटॉपवरच पीएचपी अन् डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून कोड आधी ७.४ वर चालवा, सगळे इशारे दिसतील असं सेटिंग ठेवा. ८ मधी जे काढून टाकलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर ७.४ फक्त ओरडते, काम थांबवत नाही, त्यामुळं एक एक करून नीट करता येते. == चा बदल मात्र ७.४ सांगणार नाही, तो तुम्हालेच शोधा लागंल.

मग ८ वर आणून मागच्या हंगामातल्या पट्ट्यांची कार्बन कॉपी काढा. कोरड्या, ओल्या, रद्द झालेल्या, ॲडव्हान्स घेतलेल्या, अशा निवडून ५० तरी भरा अन् छापील आकड्याशी पैशापर्यंत जुळवा, शक्य असलं तं त्या काकालेच बाजूले बसवा. जिथं जुळली नाही ती पट्टी अन् तिथला कोड मले पाठवा, दिवाळीच्या आत पाहून देतो.