शाळेतल्या मुलांच्या आरोग्याचं धोरण सुधारायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या शिक्षण कमिटीवर घेतलंय, शाळांचं आरोग्य धोरण मजबूत करायचंय, तर पहिलं काय सुचवू. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं आणि शेवटची बरीच वर्षं आरोग्याचं रजिस्टर माझ्याच गळ्यात होतं म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे नवीन योजना सुचवू नका. योजना भरपूर आहेत हो. आमच्या गुजरातेत शाळा आरोग्य कार्यक्रम १९९७ पासून चालू आहे, २०१३ पासून देशभर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यांची टीम गाडी घेऊन वर्षातून एकदा सरकारी शाळेत येते, दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्सबेन, सगळ्या पोरांना तपासते. हृदयाचं ऑपरेशन लागलं तरी ते फुकट होतं. चांगली माणसं येतात, मी बघितलंय. घोळ होतो तो गाडी गेल्यानंतर.

माझ्या वर्गात सहावीत एक मुलगी होती, फळ्यावरचं न लिहिता सारखी शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. मी दोनदा रागावले तिला, अजून वाईट वाटतं. एक दिवस भूमितीच्या तासाला तिच्या कंपासपेटीतून कोनमापक घेतलं तर खाली घडी घातलेली चिठ्ठी, डोळे तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणून, तारीख दीड वर्षापूर्वीची. दीड वर्ष! आई चार घरच्या पोळ्या करायची, वडील मकरपुऱ्याला कारखान्यात शिफ्टला, दवाखान्यात न्यायचं म्हणजे एकाचा दिवस बुडणार, म्हणून तिने चिठ्ठी घरी दाखवलीच नव्हती. शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मीच घेऊन गेले, चष्मा सरकारीच मिळाला, एक पैसा लागला नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारीख आणि हजेरीचा आकडा लिहायचे, तो तिने चष्मा लावून पहिल्यांदा वाचला, म्हणे बेन मला वाटायचं तेवढं पुसायचं राहून जातं.

आणि आमच्या रिपोर्टात ती मुलगी 'तपासली' म्हणून केव्हाच मोजली गेली होती.

म्हणून धोरणात हे आधी बदला. किती मुलं तपासली हा आकडा वर जातोच, त्याच्या शेजारी किती जणांना खरंच चष्मा मिळाला, कानाचं औषध मिळालं, दात काढला, हा रकाना सक्तीचा करा. चिठ्ठीच्या दोन प्रती हव्यात, एक वर्गशिक्षकाकडे, आणि महिन्याभरात त्यावर दवाखान्याचा शिक्का आला नाही तर कोणी कोणाला फोन करायचा ते नाव लिहून ठेवा, 'संबंधितांनी लक्ष द्यावे' असलं नको. पोरांना न्यायला रिक्षा-बसचं भाडं आणि जाणाऱ्या शिक्षकाला ऑन ड्यूटी, एवढा खर्च बजेटमध्ये मागाच. सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा नुसता हुकूम नव्हता काढला, मूल शाळेत आलं नाही तर आईवडलांना दंड होता, म्हणजे कोण आलं नाही ते कोणीतरी बघत होतं.

दुसरं लोहाच्या गोळीचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६९ टक्के अॅनिमिक निघाल्या, दहात सात! निळी गोळी आठवड्याला एक, शाळेतच मिळते. पण आमच्याकडे ती प्रार्थनेनंतर वाटायचे, निम्म्या मुली घरून फक्त चहा पिऊन आलेल्या, मग मळमळ, चक्कर, आणि शौचाला काळं झालं की घरचे घाबरून बंदच करायचे. मागच्या खिडकीखाली गोळ्या सापडायच्या. आम्ही वेळ बदलून मध्यान्ह भोजनानंतर केली, काळं होणारच त्यात घाबरायचं नाही हे पालकसभेत तोंडाने सांगितलं, आणि मी स्वतः मुलींसमोर गोळी घ्यायला लागले. खिडकीखालच्या गोळ्या कमी झाल्या. तुमच्या परिपत्रकात 'जेवणानंतर' हा एक शब्द ठळक टाका.

मुलींच्या संडासाची कडी आणि पाणी, हे सुद्धा आरोग्य धोरणच आहे. कडी नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, पोटात दुखतं, पाळीत तर चार दिवस गैरहजर. आमच्या शाळेत शौचालय होतं कागदावर आणि प्रत्यक्षातही, पण कडी आतून लागत नव्हती, ती बसवायला ग्रँटची वाट बघत वर्ष गेलं. हेडमास्तरला अशा किरकोळ दुरुस्तीसाठी स्वतःच्या सहीने खर्च करायची मुभा द्या.

गेटबाहेरच्या खाण्याचं पण बघा. शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त तेल, साखर, मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत असा २०२० चा नियम आहे, पण गेटबाहेरची गाडी हेडमास्तरच्या हातात नसते, म्हणून नगरपालिका किंवा पंचायतीचा माणूस कमिटीवर पाहिजेच.

आणि पहिल्या मीटिंगच्या आधी एक करा, कुठल्याही एका शाळेचं मागच्या वर्षीचं तपासणीचं रजिस्टर मागवा, त्यातली पुढे पाठवलेली दहा नावं घ्या आणि त्या दहा घरी जाऊन या. मीटिंगला काय बोलायचं ते तिथेच मिळेल. आमच्या रजिस्टरचे रकाने कसे आखले होते ते हवं असेल तर खाली विचारा, लिहून देते.