गुंतागुंतीचे रुग्ण आणि डॉक्टरांची क्रमवारी

प्रश्न : आमच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या कामाचे मूल्यमापन सुरू होत असून ताशी तपासलेले रुग्ण आणि मृत्यूचे प्रमाण हे दोन निकष ठरले आहेत. आमच्या सर्वांत अनुभवी शल्यचिकित्सकांकडे अवघड रुग्ण पाठवले जातात, त्यामुळे क्रमवारीत ते तळाला जातील. विभागप्रमुख या नात्याने मी कोणते निकष सुचवावेत?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. रुग्णाचे वय, सहव्याधी आणि आजाराची तीव्रता विचारात न घेता मृत्युदर शेजारी-शेजारी मांडले, तर तुलना डॉक्टरांची न होता त्यांच्या वाट्याला आलेल्या रुग्णांची होते. हृदयशस्त्रक्रियेत त्यासाठी युरोस्कोरसारख्या, रुग्णाची जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने आधी अपेक्षित मृत्यूंचा अंदाज काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यू त्याच्याशी ताडून पाहतात. एवढे करूनही एका डॉक्टरच्या वर्षभरातील शस्त्रक्रिया मोजक्याच असतील, तर दोन-तीन मृत्यूंनी टक्केवारी पार बदलते; म्हणून हा आकडा संपूर्ण विभागाचा आणि काही वर्षांचा मिळून पाहावा.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रुग्णसेवेची गुणवत्ता संरचना (साधने व मनुष्यबळ), प्रक्रिया (उपचार देताना प्रत्यक्ष काय केले जाते) आणि फलित (रुग्णाचे पुढे काय झाले) अशा तीन अंगांनी तपासण्याची मांडणी केली. व्यक्तीचे काम पाहायचे असेल, तर त्यांतील प्रक्रिया अधिक न्याय्य ठरते, कारण ती डॉक्टरच्या हातात असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या तपासणी-यादीत १९ बाबी आहेत. छेद घेण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले गेले का, ही त्यांपैकी एक. अर्थात, नुसत्या खुणा केलेले कागद मोजून भागणार नाही. अधूनमधून शस्त्रक्रियागृहात कोणीतरी प्रत्यक्ष उभे राहून पाहिले पाहिजे.

ताशी रुग्णसंख्या हा निकष मात्र, माझ्या मते, वगळावाच; वेग मोजला की काम आकडा साधण्याकडे झुकते. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील रुग्णाची पुढील व्यवस्था चार तासांत व्हावी असे उद्दिष्ट लागू झाल्यावर, मुदत संपण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत विभागाबाहेर हलवल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या एकदम चढलेली दिसली. व्यवस्थापन आग्रही असेल, तर त्या आकड्यासोबत तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झालेल्या रुग्णांचे प्रमाणही नोंदवण्याची अट घाला, आणि पहिल्या वर्षाचे आकडे पगारवाढीशी जोडले जाणार नाहीत हे लेखी घ्या. नाहीतर अवघड रुग्ण दुसरीकडे पाठवण्याचा मोह सर्वांत आधी तुमच्याच विभागात होईल.