‘कुठे नेऊ’ नको, ‘कुठे जाऊ’ विचार

बाळा,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. ‘काका, उद्या तिला घेऊन डोंगरात जायचंय, अगदी अचानक, कुठे नेऊ?’ असं तू विचारलंस. त्यातल्या ‘नेऊ’वर माझी गाडी अडली. सामान नेतात रे, पाहुण्याला स्टेशनवर नेतात. तिला आधी सांग, मग पुढचं वाच. सरप्राईजबिरप्राईज असेल तर ते वाढदिवसाला कर.

पुण्याहून निघताय, पावसाने अजून जोर धरलेला नाही, आणि हातात दोनच दिवस. मी राजमाचीचा किल्ला सुचवेन. लोणावळ्याला लोकलने उतरायचं आणि तुंगार्लीवरून चालत सुटायचं. पंधरा-सोळा किलोमीटर भरतं, पण वाट बरीचशी सपाटीची, जीप जाईल एवढी रुंद. दुसरी वाट कर्जतकडून, कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांजवळून चढते. अंतर कमी, पण चढ अंगावर येतो आणि कोकणातला दमटपणा घाम काढतो. तू दर महिन्याला गड चढणारा, तुला कोंदिवड्याचीच वाट आवडेल. पण तुझी मैत्रीण किती चालते, तुला माहीत आहे का? तुझ्या काकूचं मला माहीत नव्हतं.

१९९४चा जून. लग्नाला तीन महिने झाले होते. शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी म्हटलं, ‘चल, राजमाचीला,’ आणि अकरा वाजता आम्ही कर्जतला उतरलोसुद्धा. तुझी काकू नव्याकोऱ्या बुटांत. अर्ध्या चढावर टाच सोलली तरी ती बोलली नाही. मी पुढे, दर वळणावर थांबून ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणत होतो. ती पोचली की लगेच निघत होतो, म्हणजे विश्रांती फक्त मला मिळत होती. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. झाडीत अंधार झाला, विजेरी दोघांत एक, आणि तीही माझ्या हातात, पुढे. गडाखालच्या उधेवाडी गावात पोचलो तेव्हा ती अंगणात बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही.

म्हणून सांगतो, पुढे तिला चालू दे. तुझा वेग कमी करणं तुला जमेल, तिचा वाढवणं तिच्या हातात नसतं. दुपारी तीनपर्यंत निम्मी वाट सरली नसेल तर मुकाट मागे फिरा. हे घरातूनच ठरवून निघा, कारण वाटेत ठरवायला गेलं की जो दमलेला नसतो तोच जिंकतो. विजेरी प्रत्येकाची वेगळी. वर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा कुठून चढणार आणि रविवारी किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कुणाला तरी सांगून ठेव. कुणालाच सांगायचं नसेल तर मला सांग. मी तोंड उघडत नाही, हे तुला माहीत आहे.

मुक्काम उधेवाडीतच करा. घरगुती जेवण मिळतं, पिठलं-भाकरी, ठेचा. दोघं येतोय असं आधी फोन करून कळवलं तर त्यांनाही बरं पडतं. लग्नाबद्दल कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्याला बंदी करणारा कायदा नाही, मद्रास उच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. तरी घर त्यांचं आहे. वेगळं झोपायला सांगितलं तर वेगळं झोपा, एका रात्रीने काही बिघडत नाही.

काजवे दिसले तर तुमचं नशीब. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, मोठा पाऊस लागायच्या आधी, एखादं झाड अख्खं लुकलुकत असतं. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद, आणि मादीचं उत्तर. मधे आपण विजेरीचा झोत मारला की ती बोलणी मोडतात. फोटो येत नाहीत, प्रयत्न करू नकोस. उभे राहा.

सकाळी लवकर उठून राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन चढा. भैरवनाथाच्या देवळापाशी खिंड आहे, तिथून एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन. दोन्ही करायचा हट्ट नको. श्रीवर्धनच्या चिलखती बुरुजावर बसलं की समोर ढाकचा डोंगर दिसतो, नागफणीचा कडा दिसतो, खाली उल्हासचं खोरं. तिथे इतिहासाचं व्याख्यान देऊ नकोस. मी दिलं होतं, दोन्ही वेळा.

हो, दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, लोणावळ्याकडून. तिनेच काढलं होतं.

हे पत्र काकूला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, टाच सोलल्याचा राग नव्हताच. चढावर तिने दोनदा सांगितलं होतं की तिची पिशवी तिलाच नेऊ दे, आणि मी दोन्ही वेळा ‘असू दे गं’ म्हणून ती ओढून घेतली. मला हे आजवर माहीत नव्हतं. रविवारी परतलात की फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा काका